समोरची रांग

सातचा वर्ग साडेसात झाले तरी सुरू झाला नव्हता, कारण आला होता तो फक्त शिकवणारा. वर गच्चीवर धपाधप उड्या पडत होत्या. तिथे एरोबिक्सच्या नव्या बाईंचा फुकट डेमो होता, आणि फुकट म्हटल्यावर बळवंतरावांचे शिष्य गुरूला विचारायला थोडेच थांबणार होते.

फरीदाबादच्या या नव्याकोऱ्या सोसायटीत बळवंतराव ताइ-ची शिकवत. चिनी युद्धकलेतला हा संथ प्रकार. इतका संथ, की शत्रूनेच कंटाळून घरी जावं. बोर्डावर ‘चायनीज मास्टर’ वाचून आलेली मंडळी पहिल्या दिवशी त्यांच्या मिशा बघून हिरमुसत. मुलं विचारत, विटा कधी फोडायच्या? बळवंतराव सांगत, शेजारी बी ब्लॉकचं काम चालू आहे, तिथे चौकशी करा.

किल्ल्यांचा जुडगा वाजवत सोसायटीचा सेक्रेटरी जयंत आला. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलेला. त्याचं मराठी आईशी बोलण्यापुरतं उरलेलं. कमिटीने त्याला वर्ग बघायला पाठवलं होतं. सकाळची वेळ कुणाला द्यायची ते आजच ठरणार होतं. ते ठरलेलंच असावं, कारण वर्तमानपत्रात गुंडाळलेला भलामोठा आरसा आधीच येऊन भिंतीला टेकला होता. एरोबिक्सला आरसा लागतो. आणि बळवंतरावांना ही वेळ लागत होती. करोल बागेतला त्यांचा हॉल कपड्यांच्या शोरूमने गिळल्यापासून दुसरी जागा उरली नव्हती.

जयंतने सुचवलं, कुणी नाही तर आज राहू द्या. बळवंतराव म्हणाले, बघायला आलात ना, मग बघा. आणि रिकाम्या हॉलकडे तोंड करून त्यांनी सुरुवात केली.

जयंत ताइ-चीची सीडी बघून तयारीने आला होता. थोड्या वेळाने तो अवघडून म्हणाला, “सर, सॉरी हं. सीडीत तो चिनी माणूस इथे राइट हँड पुढे घेतो. तुमचं सगळंच उलटं चाललंय.”

बळवंतराव थांबले. त्यांनी समजावलं, समोरच्याने उजवा हात उचलावा असं वाटत असेल तर आपण डावा उचलायचा. लोक आपल्यात बघून करतात. शिकवणारा हाच त्यांचा आरसा.

जयंतने गुंडाळलेल्या आरशाकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली.

“पण आत्ता तर समोर कुणीच नाही,” तो म्हणाला. “एकदा सीधं करून दाखवा ना. कमिटीशी मी भांडतो, बिल्कुल.”

मागणी रास्त होती. बळवंतराव भिंतीकडे वळले, श्वास घेतला, उजवा हात उचलला. पुढच्याच हालचालीला डावा आपला आपण पुढे आला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा डावा. इतकी वर्षं लोकांचं उजवं सांभाळता सांभाळता त्यांचं स्वतःचं कुठेतरी राहून गेलं होतं. वर गाणं बदललं, उड्यांना जोर चढला.

ते परत फिरले. थप्पी लावलेल्या खुर्च्यांकडे तोंड करून, डाव्या हाताने, त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. आणि आता हात पाण्यात फिरावेत तसे फिरू लागले. जयंत किल्ल्या मुठीत दाबून मधोमध उभा होता.

“जयंतराव, जरा बाजूला सरका,” बळवंतराव हळूच म्हणाले. “मागच्यांना दिसत नाहीये.”