चाकातली हवा

"भाऊजी, आधी चाकातली अर्धी हवा सोडा," चंदा तिसऱ्यांदा म्हणाली.

वैभवनं आरशातून वहिनीकडे पाहिलं. "बैलबंडी नाई हे. फोर बाय फोर हाये. तुमी बाबाले धरून बसा."

मागच्या सीटवर मारोतराव सुनेच्या खांद्यावर डोकं टाकून कण्हत होते. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात हात घातला अन् घोणस डसली. हात कोपरापर्यंत सुजला होता. शेत पैनगंगेच्या पलीकडे, दवाखाना अलीकडे भीमपूरला, मधे उन्हाळ्यानं कोरडं पाडलेलं पात्र. नवी गाडी दाखवायला वैभव त्याच सकाळी नागपूरहून लांबच्या पुलावरून थेट शेतात आला होता.

त्यानं गाडी वाळूत घातली. निम्म्यापर्यंत ठीक गेली, मग जड झाली. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागीच फिरली.

"दाबू नोका! अजून खाली जाईन!"

त्यानं आणखी दाबला. वाळू काचांवर उडाली आणि गाडी पोटावर बसली.

"इथली वाळूच खराब हाये," वैभव म्हणाला.

चंदाची कानशिलं तापली. सहा वर्षं ती याच पात्रातून कापसाचा ट्रॅक्टर अन् पिकअप काढत होती. घरात हे साऱ्यांना ठाऊक होतं. वैभवलाही.

तिनं सासऱ्यांना सीटवर आडवं केलं, सुजलेला हात सरळ ठेवला आणि खाली उतरली. केसातली पिन काढून पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये दाबली. हवा फुसफुसत सुटली.

"अवो वहिनी, नवे टायर हायेत!"

"अन् बाप जुना झाला काय?"

वैभव फोन काढून रेंज शोधू लागला.

"तो फोन ठेवा खिशात. वाळू काढा."

चारी चाकं मऊ होऊन वाळूवर पसरली. दोघांनी हातांनी वाळू उपसली. तिनं भराभर, त्यानं बोटं झटकत.

"चावी द्या. मांगून धका मारा."

तिनं चाकं सरळ केली, छोटा लिव्हर ओढून खालचा गिअर टाकला आणि पाय नुसता टेकवला. गाडी कण्हली, उचलली, सायकलच्या चालीनं निघाली.

"वहिनी, थांबा! मले घ्या ना!" घोट्याएवढ्या वाळूत वैभव मागून पळत होता. एक बूट त्याच्या हातात होता.

मारोतरावांनी कष्टानं मान वळवली. "चंदे, वैभव मांगं राह्यला वं."

"वाळूत थांबलं का पुन्हा रुतते, मामाजी."

काठ आला. चाकांखाली पक्का मुरूम लागला. इथं थांबता आलं असतं.

चंदानं वरचा गिअर टाकला.