चादरी लोळतात

सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंनी गच्चीवरची माझी रेडिओची अँटेना उपटून फेकली. "इमारतीची शोभा जाते," म्हणे! रोज यांचं तोंड बघून जात नाही वाटतं!

हौशी रेडिओवरून दूर देशाशी बोलायचं तर तार लांब हवी आणि उंच हवी. मी प्लास्टिकच्या वेष्टणातली तांब्याची तार आणली आणि कपडे वाळवायची दोरी म्हणून बांधून टाकली. बाई खूश! "भाऊ, अजून उंच घ्या ना, चादरी लोळतात. आणि पार त्या टोकापर्यंत न्या!"

नेली.

संध्याकाळी समुद्रापलीकडचा एक रेडिओवाला खणखणीत लागला. म्हणाला, "काय आवाज येतोय रे तुझा! अँटेना कुठली?"

"आमच्या अध्यक्षीणबाईंची कपड्यांची दोरी."



तिकडे हसू फुटलं. "हळू बोल, बाबा! माझ्या अँटेनेवर सासूबाईंचे टॉवेल वाळतायत!"