ठिकाणाची ओळ

"मॅडम, तो म्हातारो परत इलो," गोदामाचा मुकादम गणपत दारातूनच म्हणाला. "आणि ती पेटी आणखी किती दिस ठेवूची? माणसां तिच्या बाजूक जेवूक बसणत नाय."

"पाठव त्यांना आत," कश्मिरा म्हणाली.

बहारीनच्या बंदराजवळच्या या कंपनीत कुठला माल पुढे जाईल आणि कुठला नाही, हे कश्मिरा ठरवायची. अकरा वर्षांत तिच्या टेबलावरून एकही खोटा कागद पुढे गेला नव्हता. ही बाई ताकसुद्धा फुंकून पिते, असं ऑफिसात म्हणत. तिला ते ऐकायला आवडायचं.

पेटीत कोबाल्ट होतं. कॅन्सरवर किरणोपचार करणाऱ्या मशीनसाठी, शिशाच्या जाड भिंतींत बंद केलेलं. ते या म्हाताऱ्याच्या, उबेदच्या, देशातल्या एकुलत्या एका कॅन्सर हॉस्पिटलात जायचं होतं, आणि त्या देशावर नऊ वर्षं शेजारी देशाचं सैन्य बसलं होतं.

सात महिन्यांतली उबेदची ही पाचवी खेप. आधीच्या चारही वेळा त्याने आपल्या परागंदा सरकारचं हमीपत्र आणलं होतं. आम्ही अणुबॉम्ब बनवणार नाही, बाळगणार नाही, आमच्या जमिनीवर कुणाला ठेवू देणार नाही. सुरुंग पेरणार नाही, विषारी वायू वापरणार नाही. चारही वेळा कॉम्प्युटरने लाल खूण दाखवली. हमी हवी होती ती जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, म्हणजे शेजाऱ्यांची. शेजाऱ्यांकडे स्वतःचे बॉम्ब होते, पण फॉर्मवर तो प्रश्न नव्हता.

"चोर सोडून संन्याशाक फाशी," तेव्हा गणपत पुटपुटला होता. कश्मिराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

आज उबेदने वेगळाच कागद पुढे सरकवला. "मिळाली त्यांची सही," तो म्हणाला. वीस वर्षं इथे मनामात भारतीयांमध्ये काढल्यामुळे त्याची हिंदी बरी होती.

इतक्या सहज? कश्मिराने जुन्या फायली काढल्या. शिक्का ताडून पाहिला, शेजाऱ्यांच्या कर्नलची सही ताडून पाहिली. सगळं जुळत होतं, आणि त्यामुळेच तिचा संशय वाढला. मग तिची नजर ठिकाणाच्या ओळीवर गेली. तिथे लिहिलं होतं, दारमीन.

शेजाऱ्यांनी शहर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात हे नाव पुसून आपलं नाव दिलं होतं. जुनं नाव पाटीवर दिसलं तरी ते दुकानाला टाळं ठोकत.

"उबेदसाहेब, त्यांचा कर्नल दारमीन लिहील?"

उबेदने कागद पाहिला. त्याचा चेहरा उतरला. "दोन महिने त्याची सही गिरवली," तो हळूच म्हणाला. "शिक्का चार वेळा बनवून घेतला. आणि हात इथे येऊन चुकला."

कश्मिराने फोनवर हात ठेवला. शंका आली तर सही करणाऱ्या ऑफिसला विचारायचं, हा नियम होता.

"फोन नका करू, मॅडम. कागद कोणी आणला, हेच ते आधी विचारतील. माझी बहीण अजून तिथेच आहे." तो थांबला. "खरं लिहून दिलं, ते चाललं नाही. म्हणून खोटं आणलं."

कश्मिराला राग आला. आपल्या टेबलावर हे चालेल असं याला वाटलंच कसं? पण हॉस्पिटल खरं होतं, मशीन खरं होतं, डॉक्टरांशी ती स्वतः तीनदा बोलली होती. खोटी होती ती फक्त सही. आणि कोबाल्ट काही कागदासाठी थांबत नाही. दर महिन्याला शंभरातला एक हिस्सा विझतो.

"पेशंट किती आहेत?"

"सोमवारी एकशे बारा होते."

आज गुरुवार होता. कश्मिराने फोनवरचा हात काढला. "दुसरा फॉर्म आहे?"

उबेदने पिशवीतून कागद काढला. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. फक्त ठिकाणाची ओळ कोरी. "आधी हाच भरत होतो, या ओळीपाशी सोडला," तो म्हणाला.

"आता भरा. त्यांनी शहराला दिलेलं नाव लिहा."

तिने खुर्ची खिडकीकडे वळवली. बाहेर क्रेन कंटेनर उचलत होती. हे उघडकीला आलं तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल, वर तुरुंग. तरी ती वळली नाही. बराच वेळ झाला. पाठीमागे पेनाचा आवाज काही येईना.

शेवटी तिने मागे पाहिलं. पेनाचं टोक ओळीवर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा एक ठिपका पसरला होता.

"नाही होत," उबेद म्हणाला. "तुम्ही लिहाल?"

कश्मिराने त्याच्या हातातून पेन घेतलं. उबेदने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"झालं?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"झालं," कश्मिरा म्हणाली, आणि तो वळायच्या आत तिने कागद पालथा घातला.