सुटे ठोके

"आणखी एकदा मार, जरा हलक्या हाताने," मुक्ता स्टुडिओच्या काचेपलीकडून म्हणाली आणि संग्रामने ड्रमवर काठी मारली.

'उलट टपाल' या त्यांच्या बँडची गाणी आता कुठे पोरांच्या तोंडी बसली होती. संग्राम पहिल्या दिवसापासूनचा ड्रमर. तो ताल किंचित मागे ओढायचा आणि त्या रेंगाळण्यावर मुक्ताचा आवाज झोके घ्यायचा. आज मात्र गाणं वाजवायचंच नव्हतं. एकेक ड्रम, एकेक झांज सुटी वाजवून लॅपटॉपमध्ये भरायची होती. "दौऱ्यात तुझा हात दुखला तर हे जवळ असावं," ती म्हणाली होती. आणि या गाढवाने दिवसभर जीव ओतला.

संध्याकाळी तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. "दौऱ्याला आम्ही तिघंच जातोय. तुझ्या सामानाला वेगळा टेम्पो लागतो रे. आणि तू असशीलच की, प्रत्येक ठोका तुझाच आहे."

"मग मी काय करू?"

"ऐकायला ये ना."

आणि तो गेलाही. पहिल्याच गाण्याला सगळं मैदान नाचायला लागलं. ठोके त्याचेच होते, पण लॅपटॉपने ते घड्याळासारखे सरळ मांडले होते. रेंगाळणं पुसून टाकलं होतं. नकळत त्याची बोटं बांबूच्या कठड्यावर वाजू लागली, नेहमीसारखी, किंचित मागे.

शेजारी नाचणाऱ्या पोरीने त्याच्या मनगटाला हात लावला.

"काका, राहू द्या ना. ताल चुकतोय तुमचा."