शेवटचं भेटायला

वर्षभर भागीरथाबाईची पाठ दुखत होती आणि घरचे 'वय झालं' म्हणून बाम चोळत होते. शेवटी ती हट्टानं नागपूरला गेली. रक्त आणि हाडातला मगज तपासून डॉक्टर म्हणाले, "मायलोमा आहे, रक्ताचा कॅन्सर. मुळापासून जात नाही, पण औषधांनी दबून राहतो."

नातेवाइकांनी फक्त 'कॅन्सर' ऐकलं. ऐन कापूस वेचणीत गुडीहत्नूरपासून नेरडीगोंड्यापर्यंतचे सोयरे तिला शेवटचं भेटायला आले आणि खाटेभोवती डोळे पुसत बसले.

"रिकामे काऊन बसून राह्यले? मले वेळ हाय, कापसाले नाई!" भागीरथाबाई कडाडली. तिनं खाट वावराच्या बांधावर टाकायला लावली आणि सुनेच्या हातून एकेकाच्या कंबरेला वेचणीचं फडकं बांधवलं. पाहता पाहता वावर वेचून झालं.

इंजेक्शनं लागू पडली. पुढच्या वर्षी तिचा रिपोर्ट चांगला आला, कापूसही भरभरून फुटला, पण वेचायला मजूर काही मिळेना.



भागीरथाबाईनं नणंदेला फोन लावला आणि अगदी मरतुकडा आवाज काढून म्हणाली, "येऊन जाय वं बाई एकडाव, सगळ्यायले घेऊन ये. यंदा माझं काई खरं नाई."