पाच सह्यांची चिठ्ठी

"अहो, हे उलटं लिहिलंय तुम्ही," बायको म्हणाली.

संपादकांनी मान वर केली नाही. इंग्रजी-मराठी शब्दकोशाचा शेवटचा खंड तासाभरात छपाईला जाणार होता, आणि त्याबरोबर तेही निवृत्त होणार होते. बायको त्यांना चष्म्याच्या दुकानात न्यायला आली होती. ताटकळत बसायचं, म्हणून तिने टेबलावरची एक चिठ्ठी वाचायला घेतली होती.

कचेरीची रीत सोपी होती. एका शब्दाला एक चिठ्ठी, ती संपादक स्वतः लिहीत. ती पाच सहायकांकडे फिरायची. शंका असेल त्याने लाल खूण करायची, नसेल त्याने सही करून पुढे सरकवायची. संपादकांच्या चिठ्ठीवर एकतीस वर्षांत लाल ठिपका पडला नव्हता. हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत, आणि चहानंतर पुन्हा.

"पाच जणांच्या नजरेखालून गेलंय ते."

"मग पाचही जणांना दुकानात घेऊन चला."

त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली. अक्षर त्यांचंच होतं. 'अनडिस्प्युटेड : ज्याविषयी वाद चालू आहे असा. उदाहरणार्थ, अनडिस्प्युटेड चॅम्पियन : ज्याच्या विजेतेपदावरून भांडण आहे असा खेळाडू.' खाली पाच सह्या. एकीशेजारी 'उत्तम' असा शेरा.

लिहिताना फोनवर बायकोशी हुज्जत चालली होती, निवृत्तीनंतर राहायचं कुठे यावरून. 'निर्विवाद' लिहायचं तिथे वाद कानातून शिरला आणि हातातून उतरला, एवढंच. पण त्या पाच जणांना कोणाचा फोन आला होता?

त्यांनी सर्वांत जुन्या सहायकाला बोलावलं. "हे वाचलंत तुम्ही?"

"तुमची चिठ्ठी, साहेब?" सहायक दुखावल्यासारखा झाला. "वाचली तर शंका घेतल्यासारखं दिसतं. नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी बजावतो."

"कधीपासून?"

"मला बजावलं, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली."

  संपादकांनी छापखान्याला फोन लावला.

"मशीन बंद ठेवा."

"ठेवतो, साहेब. चूक कुठल्या पानावर आहे?"

"कोण जाणे," संपादक म्हणाले. "हा कोश अजून कोणी वाचलेला नाही."