गोड कान

नवं श्रवणयंत्र लावल्यापासून शेटे मास्तरांना इस्माईल मुल्लांचा संशय यायला लागला होता. मिरजेतल्या चहाच्या टपरीवर दोघे चाळीस वर्षं राजकारणावरून भांडत आलेले. पण गेले पंधरा दिवस मुल्ला प्रत्येक गोष्टीला होकार भरत होते.

“मतदान आता मोबाइलवरूनच व्हायला हवं,” मास्तरांनी मुद्दाम खडा टाकून पाहिला.

“अगदी बरोबर बोललास,” मुल्लांचा आवाज गोड आला. कपाळावरची शीर मात्र तट्ट फुगली होती.

मास्तरांनी यंत्र काढलं आणि कान मुल्लांच्या तोंडाशी नेला. “परत बोल. जोरात.”

“साफ चुकतोयस, असं म्हणालो. पंधरा दिवस विरोधच करतोय, आणि तू नुसता हसून मान डोलावतोस. वाटलं, आता माझ्याशी भांडण्याइतकाही जिव्हाळा उरला नाही तुला.”

“हे यंत्र तुझं बोलणं बदलून ऐकवतंय मला.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“ते शोधायला लागेल.”

मुल्लांनी आणखी दोन चहा सांगितले आणि पंधरा दिवसांपूर्वीच्या पहिल्या मुद्द्यापासून, मास्तरांच्या कानात ओरडून, सगळं भांडण पुन्हा सुरू केलं.